टोलेडो म्युझियम ऑफ आर्ट

अमेरिकेच्या ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या पश्चिम टोकाला वसलेल्या टोलेडो शहरातलं कलासंग्रहालय. स्थापना १९०१. शहर मध्यम आकाराचं पण संग्रह त्या मानाने फारच तगडा, आणि त्याचं कारण काच.

काचकारखानदार एडवर्ड ड्रमंड लिबी याने १८८८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधला घरचा कारखाना उचलून इथे आणला. तिकडे संप आणि महाग इंधन, इकडे नैसर्गिक वायू स्वस्त आणि वाळू चांगली, असा साधा हिशोब होता. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात त्याने चालता कारखानाच थाटून लोकांना काम दाखवलं आणि नाव कमावलं, पुढे त्याच्याकडच्या मायकेल ओवेन्सने १९०३ च्या सुमारास बाटल्या आपोआप बनवणारं मशीन उभं केलं आणि मग पैसा धो धो आला. म्हणजे तोंडाने काच फुंकणाऱ्यांचा धंदा ज्या मशीनने बसवला त्याच मशीनच्या कमाईवर हातकामाच्या काचेचा संग्रह पोसला गेला, गंमत आहे.

सुरुवात भाड्याच्या खोल्यांत झाली. लिबी पहिला अध्यक्ष, १९०३ पासून जॉर्ज स्टीव्हन्स पहिला संचालक. लिबीची बायको फ्लॉरेन्स स्कॉट हिच्या माहेरच्या मनरो स्ट्रीटवरच्या जागेवर १९१२ मध्ये ग्रीक देवळासारखी खांबांची इमारत उघडली (वास्तुकार ग्रीन आणि वॉख्टर), नंतर ती वाढवली गेली आणि १९३३ मध्ये पेरिस्टाइल नावाचं संगीत सभागृहही जोडलं. लिबी १९२५ मध्ये वारला, पण त्याने ठेवलेल्या निधीतून चित्रखरेदी पुढे अनेक वर्षं चालू राहिली. १९०६ मध्ये त्याने इजिप्तहून आणलेल्या दोन ममी अजून संग्रहात आहेत, माणसांचे देह असे मांडावेत का यावर अलीकडे बरीच चर्चा झाली.

काचसंग्रह पाच हजारांवर वस्तूंचा. प्राचीन इजिप्त आणि रोमपासून इस्लामी, व्हेनिसची, मग अमेरिकन असा पल्ला आहे. लिबी कंपनीने १९०४ च्या सेंट लुइस प्रदर्शनासाठी नक्षी कापलेल्या काचेचा भलामोठा पंच-बाउल (पेय ठेवायचं भांडं) बनवला होता, तोही इथेच. या संग्रहासाठी २००६ मध्ये रस्त्यापलीकडे ग्लास पॅव्हेलियन उघडलं. जपानच्या साना या वास्तुकार जोडीने (काझुयो सेजिमा, र्यूए निशिझावा) भिंतीसुद्धा वाकवलेल्या काचेच्याच केल्या, फक्त ही काच वाकवून आली चीनमधून आणि टोलेडोला तर 'काचेचं शहर' म्हणतात, त्यामुळे तेव्हा गावात थोडी कुरकुर झाली.

आता मुख्य वाद. स्टुडिओ ग्लास, म्हणजे कलाकाराने कारखान्याबाहेर स्वतःच्या छोट्या भट्टीवर स्वतःच काच वितळवून घडवणं, हे याच आवारात १९६२ मध्ये जन्मलं असं सर्रास छापलं जातं. घडलं ते असं: विस्कॉन्सिन विद्यापीठात सिरॅमिक्स शिकवणारा हार्वे लिटलटन (याचा बाप कॉर्निंग या काचकंपनीत भौतिकशास्त्रज्ञ, पायरेक्स या उष्णता सोसणाऱ्या काचेच्या कामातला) याने तेव्हाचे संचालक ओटो विटमन यांच्या पाठिंब्याने संग्रहालयाच्या एका शेडमध्ये मार्चअखेर वर्कशॉप घेतलं. पहिली वितळ काही जमली नाही. मग जॉन्स-मॅनविल कंपनीत फायबरग्लासचं संशोधन करणाऱ्या डोमिनिक लॅबिनोने भट्टीची रचना बदलायला सांगितलं आणि कंपनीत धागे काढण्यासाठी वापरतात त्या ४७५ नंबरच्या काचेच्या गोट्या वितळवायला दिल्या. हार्वे लीफग्रीन हा लिबी कारखान्यातला निवृत्त कारागीर, त्याने फुंकनळी कशी धरायची ते दाखवलं. जूनमध्ये दुसरं, जास्त नीट वर्कशॉप झालं.

यावर आक्षेप असा की फ्रान्समध्ये मॉरिस मारिनो हा चित्रकार त्याच्या कितीतरी आधीपासून स्वतः काच फुंकत होता, आणि बव्हेरियात एर्विन आइश लिटलटनची ओळख व्हायच्या आधीच मोकळं काम करत होता. दोन्ही खरं. पण मारिनो ओळखीच्या भावांच्या कारखान्यातल्या भट्टीवर बसायचा आणि आइशच्या घरचाच कारखाना होता, त्यामुळे 'पहिला कलाकार' टोलेडोत सापडत नसला तरी छोटी परवडणारी भट्टी आणि ती चालवायला शिकवणारा वर्ग यांची सुरुवात इथे धरणं जास्त पटतं. त्याच वर्षी लिटलटनने विस्कॉन्सिनला काचेचा कोर्स काढला, पुढे नावाजलेले काचकलाकार डेल चिहुली आणि मार्विन लिपॉफ्स्की त्याचेच विद्यार्थी. श्रेय लिटलटनला की लॅबिनोला हा उपवाद कायम चालू असतो. तांत्रिक बाजू बघितली तर लॅबिनोशिवाय मार्चमध्येच गाडी अडली असती.

चित्रांत रुबेन्सचं 'सेंट कॅथरीनचा मुकुटविधी', रेम्ब्रांटचा पिसांच्या टोपीतला तरुण, व्हॅन गॉगची दोन चित्रं, मोनेची कमळं, २०११ मध्ये घेतलेलं फ्रान्स हाल्सचं कुटुंबचित्र. होल्बाइनच्या 'एका स्त्रीचं व्यक्तिचित्र' मधली बाई इंग्लंडच्या आठव्या हेन्रीची राणी कॅथरीन हॉवर्ड असं विसाव्या शतकात बराच काळ मानत, पण चित्र क्रॉमवेल (हेन्रीचा मंत्री) घराण्याकडे होतं हे रॉय स्ट्राँग या कलाइतिहासकाराने पुढे मांडल्यावर आता ती बहुधा त्याच घराण्यातली, कदाचित त्यांची सून एलिझाबेथ सेमोर, असं धरतात. चित्रावर फक्त वय २१ लिहिलंय, नाव नाही. २०२२ मध्ये संग्रहालयाने सेझान, मातिस आणि रन्वार यांचं एकेक चित्र लिलावात विकलं, नव्या खरेदीसाठी पैसे उभे करायला. त्यावर टीकाही झाली.

परत केलेल्या वस्तूंत ग्रीक देव डायोनिससला पळवणाऱ्या चाच्यांना डॉल्फिन होताना दाखवणारा एत्रुस्कन (प्राचीन इटलीतला) घडा आहे, तो इटलीला गेला. भारताशी संबंध असलेली म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूची गणेशमूर्ती, २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या सुभाष कपूर या व्यापाऱ्याकडून घेतलेली. त्याच्यावर मूर्तीचोरीचे खटले झाल्यावर पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेतल्या जुन्या फोटोंशी ती जुळवली गेली, तमिळनाडूतल्या श्रीपुरंथनच्या देवळातली निघाली आणि संग्रहालयाने ती भारताला परत केली.

प्रवेश फुकट आहे. पॅव्हेलियनमधल्या भट्टीवर काच फुंकताना समोर बसून बघता येते.