मोटारगाडीची राखण (गोवा)

उभ्या मोटारगाडीची काच फोडून किंवा दार उघडून आतला ऐवज लांबवणे आणि खिशात असतानाच गाडी उघडणाऱ्या स्मार्ट चावीच्या संदेशाचा गैरवापर करून गाडीच पळवणे, या दोन चोऱ्या टाळण्यासाठी करायचे उपाय व लावून घ्यायच्या सवयी. दोन्हींची जातकुळी वेगळी आहे. काच फोडायला हाताशी आलेली कोणतीही जड वस्तू आणि अर्धा मिनिट पुरतो. स्मार्ट चावीच्या चोरीला यंत्र लागते, जोडीदार लागतो आणि नेलेली गाडी खपवण्याची सोयही लागते. गोव्यातून चारचाकी बाहेर काढायची तर पत्रादेवी, दोडामार्ग, केरी, मोले, पोळे अशा मोजक्याच वाटा आहेत. उलट पाठीवरची बॅग घेऊन माणूस कुठल्याही बसमध्ये चढून दिसेनासा होतो. त्यामुळे इथल्या गाडीवाल्याने आधी काचेचा आणि सामानाचा विचार करावा, चावीतल्या लहरींचा त्यानंतर.

काच आणि आतले सामान

गाडीच्या समोरच्या काचेत दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो, त्यामुळे ती तडकली तरी जागेवर राहते. बाजूच्या आणि मागच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन्ड असतात. तापवून झपकन थंड केल्यामुळे त्यांच्या पृष्ठभागात दाब साठलेला असतो. हाताचा धक्का त्या सहज सोसतात, पण टोकदार आघात बसला की सबंध काच एकाच वेळी बारीक खड्यांसारखी खाली ओघळते. अपघातात माणसाला इजा होऊ नये म्हणून केलेली ही रचना चोराच्याही पथ्यावर पडते.

कंपनीतून येणारा साधा अलार्म दार, बॉनेट किंवा डिकी उघडली तरच वाजतो, ही गोष्ट अनेकांना माहीत नसते. काच फोडून हात आत घातला, सीटवरची पर्स उचलली आणि दाराला स्पर्शच केला नाही, तर असा अलार्म गप्प राहतो. धक्का ओळखणारा किंवा आतली हालचाल टिपणारा सेन्सर वेगळा बसवून घ्यावा लागतो. तो बसवतानाही संवेदनशीलता बेताची ठेवून घ्यावी. पावसाळ्यात माडाची चुडती पडली तरी बोंबलणारा अलार्म आठ दिवसांत शेजारी ऐकेनासे होतात.

काळ्या फिल्मचा आधार घेता येत नाही. नियमानुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के व बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये त्याची सक्त अंमलबजावणी करायला सांगितले. म्हणजे गाडीच्या आतले दिसणारच. मग दिसण्यासारखे काही आत ठेवू नये, एवढाच मार्ग उरतो. लॅपटॉपची बॅग तर नकोच. पण चार्जरची लोंबती वायर, मोबाइलच्या होल्डरचा काचेवरचा गोल ठसा, डॅशबोर्डवर टोलसाठी ठेवलेली चिल्लर यांवरूनही आत आणखी काही असेल असा अंदाज बांधला जातो.

सामान डिकीत टाकावे हे सगळेच सांगतात, पण कुठे टाकावे हे कोणी सांगत नाही. शिरगावच्या लईराईच्या किंवा म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेला गेल्यावर शेतातल्या पार्किंगमध्ये उतरायचे, गर्दीत नको म्हणून पर्सा आणि मोबाइल सगळ्यांसमोर डिकीत ठेवायचे आणि देवदर्शनाला चालू पडायचे, हे दृश्य नेहमीचे आहे. बघणाऱ्याला तेवढेच हवे असते. डिकीत जायचे ते घरून निघतानाच गेले पाहिजे. मुक्कामावर पोचल्यावर डिकी उघडूच नये. लहान हॅचबॅकमध्ये मोठी बॅग मावावी म्हणून मागचा ट्रे काढून ठेवलेला असतो, तेव्हा मागच्या काचेतून डिकीचा तळ दिसतो. अशा गाडीत डिकी आणि सीट यांत काही फरक राहत नाही.

सर्वांत जास्त धोका पर्यटकाच्या शेवटच्या दिवशी असतो. अकराच्या सुमारास हॉटेलची खोली सोडलेली असते आणि थिवी किंवा मडगावची रेल्वे अथवा दाबोळी-मोपाचे विमान रात्री असते. मधला दिवस जुने गोवे, मंगेशी, नाहीतर शेवटचा एकदा कळंगुट असा जातो आणि सबंध कुटुंबाचे सामान, कागदपत्रे, कधी पासपोर्टसुद्धा भाड्याच्या गाडीत पडून राहतात. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली रेंट-अ-कारची गाडी लांबूनच ओळखू येते. हॉटेलात सामान ठेवून घेण्याची सोय असते, ती मागून घ्यावी. विमानतळाच्या वाटेवर पुन्हा अर्धा तास वाकडी वाट करावी लागली तरी हरकत नाही.

समुद्रावर चावीचे काय करायचे

किनाऱ्यावर आलेल्या प्रत्येक गाडीवाल्यापुढे हा प्रश्न उभा राहतो आणि बहुतेक जण त्याचे उत्तर चुकीचे शोधतात. चावी टायरवर ठेवणे, बंपरखाली अडकवणे, चपलेत घालून वर टॉवेल टाकणे हे सगळे चोराला तोंडपाठ असते. लाटांत उभे असताना आपले लक्ष पोरांवर असते, टॉवेलवर नाही. जीवरक्षकही माणसांकडे बघत असतात, चपलांकडे नाही. स्मार्ट चावी खिशात ठेवून पाण्यात जावे तर खारे पाणी आतल्या सर्किटची वाट लावते. अशी चावी वाळवल्यावर दोन दिवस चालते आणि मग आतले गंजलेले टाके एकेक करून सुटतात.

एकाने आळीपाळीने कोरडे राहावे हा उपाय जुना असला तरी अजून त्याच्या तोडीचा दुसरा नाही. एकटे असाल तर गळ्यात किंवा कमरेला बांधायची घट्ट मिटणारी जलरोधक पिशवी घ्यावी. घरी तिच्यात कोरडा कागद घालून ती बादलीत बुडवून बघावी, मगच विश्वास ठेवावा. जग्वार लँड रोव्हरने २०१६ मध्ये मनगटात घालायची बिनबॅटरीची जलरोधक चावी आणली. तिने गाडी बंद केली की आत राहिलेली नेहमीची चावी निकामी होते. बाकीच्या गाड्यांत चावी आत ठेवून दार लावण्याच्या युक्त्या करू नयेत, कारण काच फुटली की स्टार्टचे बटण आणि चावी दोन्ही चोराच्या हाती आयतीच मिळतात.

स्मार्ट चावी कशी फसते

रिमोटने दार उघडण्याची सोय १९८० च्या दशकाच्या आरंभी आली. चावी खिशातच ठेवून चालणारी व्यवस्था १९९० च्या दशकाच्या अखेरीस मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लासमधून गाजली आणि पुढे मध्यम किमतीच्या गाड्यांपर्यंत पोचली. दाराच्या मुठीला हात लावला की गाडी सुमारे १२५ किलोहर्ट्झ लहरींवर हाक मारते. ही हाक मुद्दामच अशक्त ठेवलेली असते. एक-दोन मीटरच्या पलीकडे ती पोचत नाही. चावी जवळ असेल तर ती ऐकते आणि भारतात सहसा ४३३ मेगाहर्ट्झवर सांकेतिक उत्तर पाठवते. उत्तर बरोबर आले म्हणजे चावी जवळच आहे, असे गाडी गृहीत धरते.

चोरीची सगळी मेख या गृहीतकात आहे. एक जण गाडीपाशी आणि दुसरा घराच्या भिंतीपाशी यंत्र घेऊन उभा राहतो. गाडीची हाक यंत्रातून घरातल्या चावीपर्यंत जाते, चावी इमानदारीने उत्तर देते आणि ते गाडीकडे परतते. संकेत कोणी फोडलेला नसतो, फक्त अंतर खोटे पडलेले असते. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांची दहा मॉडेल्स तपासली, तेव्हा सगळीच या युक्तीला फसली. एकदा इंजिन सुरू झाले की चावी दूर गेली तरी ते बंद पडत नाही. चालत्या गाडीत ते धोक्याचे ठरेल म्हणून रचनाच तशी आहे. चोर अर्थातच वाटेत इंजिन बंद करत नाही.

नव्या गाड्यांत अल्ट्रा-वाइडबँड तंत्र येऊ लागले आहे. लहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जाते, त्यामुळे उत्तर यायला लागलेल्या वेळावरून खरे अंतर मोजता येते आणि मधल्या यंत्राची लांबण लपत नाही. साध्या ब्लूटूथवर चालणारी मोबाइलमधली चावी मात्र सुरक्षित मानू नये. २०२२ मध्ये टेस्लाच्या गाडीवर तशी फसवणूक करून दाखवण्यात आली होती.

जुन्या गोमंतकीय घरांत चावी लावायचा खिळा असतो तो नेमका बाल्कांवातून (दारापुढच्या बैठकीच्या ओसरीतून) आत शिरताच, पहिल्या खोलीच्या भिंतीवर. गाडी त्याच भिंतीच्या बाहेर पत्र्याखाली उभी. चवथीला मूळ घरी सगळे भाऊ जमले की दारालगतच्या टेबलावर पाच-सहा गाड्यांच्या चाव्या एका ताटलीत पडतात आणि आरतीला येणारे-जाणारे दिवसभर तिच्याजवळून जातात. त्या ताटलीची जागा आतल्या खोलीतल्या कपाटात हवी. चावी धातूच्या घट्ट डब्यात ठेवली तर लहरी आत पोचत नाहीत. मायकेल फॅरेडेने १८३६ मध्ये दाखवलेले तत्त्व ते हेच. बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुष्कळदा चालतो, पण पुष्कळदा झाकणाच्या फटीमुळे चालतही नाही. चावी डब्यात घालून डबा हातात धरावा, गाडीजवळ जाऊन मूठ ओढावी. दार उघडले तर डबा बिनकामाचा. बाजारात मिळणाऱ्या खास पिशव्यांनाही हीच परीक्षा लावावी आणि वर्षभराने पुन्हा लावावी, कारण घडी पडते तिथे आतले धातूचे अस्तर झिजते. काही चाव्या थोडा वेळ हलल्या नाहीत की आपोआप झोपतात आणि बऱ्याच गाड्यांत चावीविना उघडण्याची सोय मेनूतून बंद करता येते. गाडीच्या पुस्तिकेत ही पाने शोधून वाचावीत. चावीचा सेल संपला तर गाडी अडेल अशी भीती नको. बहुतेक गाड्यांत मेलेली चावी स्टार्ट बटणाला किंवा ठरलेल्या खाचेला टेकवली की इंजिन सुरू होते.

रिमोटचे बटण दाबल्यावर मागे न बघता चालू पडणे ही दुसरी चूक. आसपास कोणी त्याच लहरींवर गोंगाट करणारे यंत्र चालवत असेल तर लॉकचा संदेश गाडीपर्यंत पोचतच नाही. गोव्यात याला आणखी एक कारण आहे. खाऱ्या हवेने दारातल्या लॉकची मोटर आणि स्विच गंजतात, मग इंडिकेटर लुकलुकतात, तीन दारे लागतात आणि चौथे उघडे राहते. म्हणून चारही दारे हाताने ओढून बघावीत.

तारा, जोडण्या आणि लोखंड

स्टिअरिंगखाली दुरुस्तीसाठी असलेल्या ओबीडी जोडणीतून नवी चावी गाडीला ओळखीची करून देता येते. दिल्ली परिसरात पकडलेल्या टोळ्यांकडे त्यासाठीची टॅब्लेटसारखी उपकरणे सापडली आहेत. २०२३ मध्ये आणखी एक पद्धत उजेडात आली. हेडलाइटच्या मागची तार सोडवून गाडीतल्या यंत्रांना एकमेकांशी जोडणाऱ्या कॅन नावाच्या अंतर्गत जाळ्यात खोटा संदेश सोडला की चावी खरी असल्याचे गाडीला वाटते. इथे पत्र्याचा डबा उपयोगाचा नाही. स्टिअरिंगचा दांडा, गिअर लॉक आणि ओबीडीवरचे कुलूप या जुन्या वळणाच्या वस्तू अशा वेळी कामाला येतात. लहरींनी उघडणारी गाडी लोखंडापाशी अडते. दांडा बाहेरून दिसतो हाही त्याचा फायदाच आहे. जीपीएस ट्रॅकर चोरी थांबवत नाही, शोधायला मदत करतो.

बोटीवर नोकरीला जाणाऱ्या तारवटीची (खलाशाची) गाडी सहा-सहा महिने दारात झाकून असते. तेवढ्यात बॅटरी उतरते आणि अलार्म मुका होतो. अशा गाडीला गिअर लॉक लावून, बॅटरीची तार सोडवून ठेवावी. दुसरी चावी त्याच घरात ठेवू नये, नातेवाइकाकडे द्यावी.

चोरी झाल्यावर

फुटलेल्या काचेला हात न लावता फोटो काढावेत, ११२ वर कळवावे आणि जवळच्या पोलीस ठाण्यात फिर्याद द्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ नुसार प्रवासी वा मालवाहतुकीसाठी वापरल्या जाणाऱ्या वाहनाच्या, तसेच त्यातील वस्तूच्या चोरीला सात वर्षांपर्यंत कैद आहे. ठाणे कोणते हा वाद पडला तर फिर्याद कुठेही नोंदवता येते. बॅगेत कागदपत्रे असतील तर त्यांची नावे फिर्यादीत एकेक करून घालावीत. पुढे दुय्यम प्रती काढताना तोच कागद मागतात. बॅगेत घराची चावी आणि पत्ताही असेल तर आधी घराचे कुलूप बदलावे.

गाडीची चोरी सर्वसमावेशक विम्यात बसते, केवळ थर्ड पार्टी विम्यात बसत नाही. आतल्या लॅपटॉप-पर्सांना साधी पॉलिसी लागू होत नाही. दावा करताना विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. एक हरवलेली असेल तर प्रश्न वाढतात, म्हणून चावी हरवली की तेव्हाच तिची नोंद करावी आणि सेवा केंद्रातून ती गाडीच्या स्मृतीतून पुसून घ्यावी. पोलिसांत ताबडतोब फिर्याद दिली असेल तर विमा कंपनीला कळवायला झालेल्या उशिरावरून दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केले आहे.

जुनी गाडी घेणाऱ्याने दोन्ही चाव्या हातात घेऊन मगच पैसे मोजावेत. रेंट-अ-कारमधून निघालेली गाडी असेल तर किती चाव्या नोंदलेल्या आहेत ते सेवा केंद्रात तपासून बाकीच्या रद्द करून घ्याव्यात. गाडी चोरीची नाही ना, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवर पाहता येते.