गाडी उचलली की चिखलातून निघते?

"थार घेतली ना? मग आधी लिफ्ट किट टाक, पांदणीत अडकणार नाही." यवतमाळकडे हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय, आणि तो चूक आहे. लिफ्ट किट म्हणजे गाडी उंच करणाऱ्या स्प्रिंगा-शॉकअप; त्याने बॉडी-चेसी वर जाते. मागचा सलग अ‍ॅक्सल (दोन चाकं जोडणारा दांडा) आणि त्याच्या मधला डिफरन्शियल, म्हणजे गिअरचा गोळा, होता तिथेच राहतो. चाकोरीत मधल्या उंचवट्याला घासतो तो नेमका तोच! त्याला उचलतात फक्त मोठे टायर, तेही निम्मे: व्यास 2 इंच वाढला तर 1 इंच. शिवाय आपली काळी माती भिजली की साध्या टायरच्या खाचा लिंपून टाकते, मग चाक नुसतं जागेवर फिरतं. म्हणून पहिला खर्च रुंद खाचांच्या टायरवर. चिखलात हवा थोडी कमी करा, डांबरी लागताच भरा. स्प्रिंगा-शॉकअप नंतर, तेही कायम जड सामान नेत असाल तर.