पीएमबी१ म्हणजे नक्की कुठला पीएमबी१?

परवा ज्युनिअरने प्लाझ्मिडचा, म्हणजे बॅक्टेरियातल्या छोट्या गोल डीएनएचा, मॅप पाठवला, त्यात एका बाणावर लिहिलेलं "पीएमबी१ ओरी" (ओरी म्हणजे कॉपी जिथून सुरू होते ती जागा), आणि खाली प्रश्न, हे बायफिडोबॅक्टेरियममधे, म्हणजे आतड्यातल्या एका बॅक्टेरियात, चालेल ना? नाही चालणार रे. पीएमबी१ नावाची दोन प्लाझ्मिडं आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, एकाच गल्लीत दोन संजय पाटील असतात ना, तसं.

पहिलं ई. कोलायचं. हे तुम्ही वापरलंयच, कदाचित नाव माहीत नसताना, कारण १९७७ मधे बोलिव्हार आणि रॉड्रिगेझ यांनी सॅन फ्रान्सिस्कोत बॉयरच्या लॅबमधे पीबीआर३२२ हे प्लाझ्मिड बनवलं त्याची ओरी याचीच. पीयूसी१९ पण याच घराण्यातलं, फक्त ओरीत एक अक्षर बदललं आणि रॉप नावाचं जीन गेलं, तर एका पेशीतल्या पंधरा-वीस कॉप्या थेट शेकड्यांवर! याला स्वतःचं रेप प्रोटीन, म्हणजे कॉपी सुरू करून देणारं प्रोटीन, लागत नाही. एक आरएनए सुरुवात करून देतो, दुसरा त्याला लगाम घालतो, बाकीची सगळी हमाली ई. कोलायची एन्झाइम्स करतात. त्यामुळे घर बदललं की हे महाशय उपाशी.

दुसरं बायफिडोबॅक्टेरियम लाँगममधलं, एवढुसं, १,८४७ बेस पेअर (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या). इटलीत बोलोन्याच्या मंडळींनी १९९६ मधे त्याचा अभ्यास छापला आणि ते शटल वेक्टरसाठी, म्हणजे दोन वेगळ्या बॅक्टेरियांत चालणाऱ्या प्लाझ्मिडसाठी, वापरलं. हे आपलं रेप प्रोटीन स्वतःच बनवतं.

गंमत म्हणजे दोन्ही बॅक्टेरिया पहिल्यांदा सापडले ते तान्ह्या बाळांच्या शीमधे, ई. कोलाय १८८५ मधे एशेरिशला आणि बायफिडो १८९९ मधे पॅरिसच्या टिसिएला, तेही अंगावर पिणाऱ्या बाळाच्या.

शटल वेक्टर म्हणजे ड्युअल सिमचा फोन समजा. एक ओरी ई. कोलायसाठी, कारण क्लोनिंग तिथेच पटापट होतं, दुसरी बायफिडोसाठी. म्हणजे एकाच मॅपवर दोन्ही पीएमबी१ शेजारी बसलेले असू शकतात, घ्या! आणि बरोबर ओरी असली तरी सगळं सुरळीत होतं असं नाही. बायफिडोला ऑक्सिजन नको, भिंत जाड, इलेक्ट्रोपोरेशन करून, म्हणजे विजेचा झटका देऊन, डीएनए आत ढकलला तरी त्याची रिस्ट्रिक्शन एन्झाइम्स परका म्हणून तुकडे करतात, मग आधी ई. कोलायमधेच त्यावर बायफिडोसारखे मिथाइलचे शिक्के मारून घ्यायचे. २००९ मधे जपानी ग्रुपने हे छान दाखवलं होतं, माझ्या मते या क्षेत्रातली सगळ्यात कामाची आयडिया.

ज्युनिअरचा मॅप परत उघडला. ओरीशेजारी अँपिसिलिनला दाद न देणारं जीन, रेप जीन कुठेच नाही. म्हटलं, बाळा, हा ई. कोलायवाला पाटील आहे.