एमएसमधली उदासी आणि मंदावलेलं डोकं

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, म्हटलं की लोकांना काठी, व्हीलचेअर, अंधुक दिसणं एवढंच आठवतं. पण समोरचा काय बोलतोय ते डोक्यात शिरायला वेळ लागणं, दोन कामं एकदम न जमणं आणि जोडीला मन कशातच न लागणं, हे बाहेरून कुणाला दिसत नाही आणि पेशंटचे खरे हाल तिथेच होतात.

एमएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूमधल्या तंतूंवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते, त्यामुळे संदेश रखडतात. फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८६८ च्या सुमाराला हा आजार नीट मांडला तेव्हाच स्मरणशक्ती कमी होते, विचार सावकाश चालतो असं त्यांनी नोंदवलं होतं. आज आपल्याला माहितीये की ४० ते ६५ टक्के पेशंटना विचारप्रक्रियेत काही ना काही अडचण येते, आणि जवळपास निम्म्यांना आयुष्यात कधीतरी मोठं डिप्रेशन येतं. मग या दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे का?

आहे, पण सगळीकडे सारखा नाही. पासॅट नावाची एक टेस्ट असते, त्यात दर तीन सेकंदांनी एक आकडा ऐकू येतो आणि तो आधीच्या आकड्यात मिळवून उत्तर सांगायचं असतं. म्हणजे ३, मग ५ आला की ८ म्हणायचं, पुढे २ आला की १० नाही, ७ म्हणायचं, कारण २ मिळवायचा तो ५ मध्ये. आपलं स्वतःचं उत्तर विसरून ऐकलेला आकडा धरून ठेवायचा, आणि तोवर पुढचा आलेलाच असतो! अमेरिकेतले न्यूरोसायकॉलॉजिस्ट (मेंदू आणि विचार-वागणं यांचा संबंध अभ्यासणारे) पीटर आर्नेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९९९ च्या सुमाराला असं दिसलं की डिप्रेशन असलेले एमएसचे पेशंट, डिप्रेशन नसलेल्या एमएसच्याच पेशंटपेक्षा, अशा वेग आणि वर्किंग मेमरी (म्हणजे ऐकलेलं थोडा वेळ डोक्यात धरून त्यावर काम करणं) लागणाऱ्या कामांत मागे पडतात, सोप्या कामांत मात्र फारसा फरक पडत नाही.

यात आधी काय आणि नंतर काय हे सांगणं अवघड आहे. मेंदूतल्या जखमा आणि सूज मूडवरही परिणाम करतात, आणि डोकं चालत नाही म्हणून नोकरी गेली, माणसं तुटली तर कोण उदास होणार नाही? त्यात भर म्हणजे थकवा, झोप बिघडणं, लक्ष न लागणं ही लक्षणं दोन्हीकडे येतात, त्यामुळे ‘एमएस आहे, असं होणारच’ म्हणून डिप्रेशन सर्रास सुटून जातं. हे मला फार चुकीचं वाटतं.

‘माझ्या काही लक्षात राहत नाही’ ही तक्रार बऱ्याचदा टेस्टच्या मार्कांपेक्षा मूडशी जास्त जुळते. याचा अर्थ पेशंट नाटक करतोय असा अजिबात नाही, त्रास खराच असतो. म्हणून तपासताना दोन्ही बघायला हवं, विचारांचा वेगही आणि मनही. वेगासाठी चिन्हांना आकडे जुळवायची एक टेस्ट आहे, ती ९० सेकंदांत उरकते, आणि मूडसाठी थकव्याचे प्रश्न वगळून केलेल्या छोट्या प्रश्नावल्या आहेत.

डिप्रेशनवर उपाय होतो, अगदी एमएस असतानाही. २००५ मध्ये अमेरिकेत १२७ पेशंटना १६ आठवडे फक्त फोनवरून थेरपी दिली गेली, कुणाला विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी, कुणाला भावनांना वाट करून देणारी, आणि दोन्ही गटांतल्या लोकांचं डिप्रेशन कमी झालं. ज्याला घराबाहेर पडणंच कठीण आहे त्याला फोनवर मदत मिळू शकते हे कळणंही खूप आहे.