धडा एकीकडे, ताट दुसरीकडे : मराठवाड्यातील शालेय पोषणशिक्षणाची पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये पोषणाला दोन स्वतंत्र इतिहास आहेत. एक धड्याचा, म्हणजे पाठ्यपुस्तकातून आलेल्या जीवनसत्त्वांचा, प्रथिनांचा आणि समतोल आहाराच्या चित्रांचा. दुसरा ताटाचा, म्हणजे दुष्काळातल्या सुकडीपासून आजच्या खिचडीपर्यंतचा. दोन्हींची सुरुवात वेगळ्या काळात आणि वेगळ्या हेतूंनी झाली. शाळेत आहार शिकवूनही तो मुलांच्या अंगी का लागत नाही, असा प्रश्न आज विचारला जातो. त्याचे बरेचसे उत्तर या फारकतीत आहे.

आहारशास्त्राच्या भारतातील संशोधनाची सुरुवात १९१८ साली दक्षिणेतील कुन्नूर येथे झाली. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी तेथे बेरीबेरी या रोगाच्या अभ्यासासाठी छोटी प्रयोगशाळा काढली. १९३७ साली वॉलेस आयक्रॉइड यांच्या पुढाकाराने भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची कोष्टके प्रसिद्ध झाली, आणि १९५८ साली ही संस्था हैदराबादला हलली. आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत आणि नंतर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे या संस्थेच्या अवतीभवतीचे दख्खनचे पठार आणि मराठवाडा यांची खाण्याची रीत बरीच सारखी होती : ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, जवसाची किंवा कारळाची चटणी. याच पठारावरील ज्वारी खाणाऱ्या गरीब लोकांमध्ये पेलाग्रा हा रोग आढळत असे. उन्हाच्या जागची कातडी काळवंडून खरखरीत होणे, जुलाब आणि पुढे मनाचा भ्रम ही त्याची लक्षणे. १९६० साली याच संस्थेतील सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी ज्वारीतील ल्युसिन या प्रथिनघटकाशी या रोगाचा संबंध जोडला. पुढे त्या मांडणीवर मतभेद झाले, परंतु एक गोष्ट टिकली : भाकरीबरोबर डाळ, भाजी, दूध यांपैकी काहीच नसेल, तर पोट भरूनही माणूस कुपोषित राहतो. दोष ज्वारीचा नव्हता, ताटातल्या रिकाम्या जागेचा होता. मराठवाड्यातल्या प्रत्येक शाळेत हे उदाहरण शिकवायला हवे होते. आपल्या मुलांनी मात्र समतोल आहार शिकला तो बहुधा सफरचंदाच्या चित्रावरून.

स्वयंपाकघर हीच शिकण्याची जागा मानणारा एक विचार मराठी मुलखात होता. १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीममध्ये, म्हणजे हाताच्या कामातून शिकवण्याच्या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीत, धान्य निवडणे, भाजी पिकवणे आणि कोठीचा हिशेब ठेवणे हा शिक्षणाचाच भाग होता. सरकारी शाळांत मात्र पुढे 'कार्यानुभव' नावाचा तास तेवढा उरला.

ताटाचा इतिहास मराठवाड्यात खऱ्या अर्थाने १९७२ च्या दुष्काळापासून सुरू होतो. खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर लाखो माणसे होती. त्या वर्षी परदेशातून आयात झालेली तांबडी ज्वारी, म्हणजे 'मिलो', रेशनवर आली, आणि दुष्काळी कामांवर व लहान मुलांना सुकडी वाटली गेली. सुकडी म्हणजे भाजलेले पीठ, गूळ किंवा साखर आणि पौष्टिक भुकटी यांचे कोरडे मिश्रण; मुठीत घेऊन खाता येई, शिजवावे लागत नसे, टिकत असे. आज साठी ओलांडलेल्या माणसांपुढे सुकडीचे नाव काढले की तिची चव आणि त्यासाठी लागलेली रांग दोन्ही आठवतात. शाळेत मिळणारे खाणे हे दुष्काळाचे आणि गरिबाचे खाणे, अशी एक समजूत याच काळात रुजली आणि ती पुढच्या योजनेलाही चिकटली. योगायोग असा की त्याच वर्षी, मे १९७२ मध्ये, परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. पुढे तेथे गृहविज्ञानाचे शिक्षणही सुरू झाले, पण त्यातून घडलेले आहारशास्त्राचे ज्ञान गावच्या शाळेपर्यंत नेणारी कायमची वाट कोणी बांधली नाही.

१९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि अंगणवाडीत आहार व आरोग्यशिक्षण एकत्र नांदू लागले. सहा वर्षांचे मूल अंगणवाडीतून शाळेत गेले की मात्र हा धागा तुटे, कारण तेथे आहार हा पुस्तकाचा विषय होता. बालभारतीच्या चौथीच्या परिसर अभ्यासात 'आहाराची पौष्टिकता' नावाचा पाठ आहे आणि तो चांगलाच लिहिलेला आहे. परंतु परीक्षेत त्यावर 'जोड्या लावा' येते, आणि 'अ' जीवनसत्त्वासमोर गाजर लिहिणाऱ्या मुलीला घरामागे उगवलेल्या तांदुळज्यातही तेच मिळते, हे कोणी सांगेलच असे नाही.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी प्राथमिक शिक्षणासाठी पोषण आहाराचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात सुरुवातीला त्याचे रूप महिन्याला तीन किलो तांदूळ असे होते, आणि त्यासाठी ८० टक्के हजेरीची अट होती. पिशवी घेऊन तांदळाला येणारे पालक आणि हजेरीपत्रक घेऊन बसलेले गुरुजी, एवढाच त्या काळी शाळेचा पोषणाशी संबंध. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला आणि शाळेच्या आवारात चूल पेटली. आजच्या प्रमाणानुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी, म्हणजे ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. सहावी ते आठवीसाठी हा आकडा ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने असा आहे. २०२१ साली योजनेचे नाव 'पीएम पोषण' झाले, गावाच्या तोंडी मात्र ती खिचडीच राहिली.

ही खिचडी तांदळाची, हा मुद्दा मराठवाड्यापुरता महत्त्वाचा आहे. धान्य भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून येते आणि तेथे तांदूळ-गहू असतो. हमीभावाने होणारी ज्वारीची खरेदी त्यांच्या तुलनेत नगण्य आहे. शिवाय एका मोठ्या पातेल्यात दीडशे मुलांचा भात होतो, पण तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या दोन मदतनीस बाया दीडशे मुलांच्या भाकरी थापू शकत नाहीत. शेतातही ज्वारी मागे सरली. गेल्या दोन-तीन दशकांत सोयाबीनने खरिपाची ज्वारी, मूग आणि उडीद यांची जागा घेतली, आणि कडधान्य घरात पिकण्याऐवजी दुकानातून येऊ लागले. परभणीच्या विद्यापीठाने इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेबरोबर विकसित केलेले, लोह व जस्त अधिक असलेले 'परभणी शक्ती' हे ज्वारीचे वाण २०१८ साली आले, २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, घोषवाक्ये आणि प्रभातफेऱ्या झाल्या. शाळेचे पातेले तांदळाचेच राहिले. गंमत म्हणजे वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवकडे शेतात जी भज्जी शिजते, तिच्यात तुरीचे दाणे, हरभरा, वाटाणा, रानातल्या पालेभाज्या असे सगळे एकत्र येते आणि सोबतीला ज्वारीचे आंबील असते. पोषणाचा याहून चांगला पाठ नाही, आणि त्या दिवशी शाळेला स्थानिक सुट्टी असते.

मधल्या काळात एक महत्त्वाचा प्रयत्न याच भागातून झाला. २००५ साली औरंगाबादेत राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाले. राज्य पातळीवरचे असे देशातील ते पहिले मिशन. गर्भारपण आणि बाळाची पहिली दोन वर्षे यांवर त्याचा भर होता. राज्यातील दोन वर्षांखालील मुलांमधील खुंटलेल्या वाढीचे प्रमाण २००५-०६ मधील ३९ टक्क्यांवरून २०१२ पर्यंत सुमारे २४ टक्क्यांवर आले, त्याचे काही श्रेय मिशनला दिले जाते. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातील पाच वर्षांखालील ३५ टक्के मुलांची वाढ खुंटलेली आणि जवळजवळ ६९ टक्के लहान मुले रक्तक्षयी आढळली. हीच मुले पुढे पहिलीत येतात. शाळकरी वय मात्र मिशनच्या कक्षेत नव्हते.

ऊसतोडीने हे सगळे आणखी अवघड केले. बीड आणि शेजारच्या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास कुटुंबे कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मूल आईबापांबरोबर गेले की धडाही बुडतो आणि ताटही. मागे राहिले तर हंगामी वसतिगृहाचा आधार उरतो. २०१६ च्या दुष्काळात, लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले त्या वर्षी, सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळग्रस्त भागात उन्हाळी सुट्टीतही शाळेतले जेवण चालू ठेवण्याचा आदेश दिला. भूक शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे चालत नाही, याची ती अधिकृत कबुली होती.

अलीकडे धडा आणि ताट जवळ आणण्याचे प्रयत्न दिसतात. शाळांच्या परसबागांच्या स्पर्धा होतात, आणि मेथी-पालकाच्या वाफ्यावर मापन आणि विज्ञान दोन्ही शिकवणारे शिक्षक आहेत. २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनी शाळेत आणि शाळेपासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ व साखर असलेल्या पदार्थांच्या विक्रीला मनाई केली, परंतु फाटकासमोरच्या टपरीवर पाच रुपयांच्या कुरकुरीत पुड्यांच्या माळा आजही लटकतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एकदा अंडे, आणि न खाणाऱ्यांना केळे, देण्याचा निर्णय घेतला. ज्या घरात डाळही मोजून शिजते तेथील मुलांना ते स्वस्तातले उत्तम प्रथिन होते. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठी आणि गोड पदार्थांतील साखरेसाठी स्वतंत्र निधी देणे थांबले आणि ज्यांना द्यायचे असेल त्या शाळांनी लोकसहभागातून द्यावे, असे ठरले. शाळा व्यवस्थापन समितीला आता ही वर्गणी गावातून उभी करायची आहे, आणि ऊसतोडीच्या गावात ती मागायची वेळ येते तेव्हा बऱ्याच घरांना कुलूप असते.