कॉल साइनवरून माणूस शोधताना: शंभर वर्षांची पार्श्वभूमी

हातात कॉल साइन, म्हणजे रेडिओ परवान्यासोबत मिळणारं ओळखचिन्ह, असेल तर तिच्यामागचा माणूस आज इंटरनेटवर बहुधा मिनिटभरात सापडतो. पण ‘लातूरजवळ कोण हॅम (हौसेखातर रेडिओवरून एकमेकांशी बोलणारा) आहे?’ असा उलटा प्रश्न विचारला, तर याच याद्या चाचपडू लागतात. त्या मुळातच अक्षरक्रमानं रचलेल्या आहेत, गावांनुसार नाहीत. असं का झालं, याचं उत्तर हौशी रेडिओच्या सुरुवातीच्या दिवसांत आहे.

भारतातले पहिले परवानाधारक हौशी रेडिओचालक अमरेंद्रचंद्र गुप्तू. १९२१ साली त्यांची कॉल साइन होती ‘२जेके’. एक आकडा आणि दोन अक्षरं. देश कुठला, ते त्यात नाही. आवाज शेपन्नास मैलांपलीकडे जात नव्हता तोवर त्यावाचून कुणाचं अडत नव्हतं. पण १९२३ च्या नोव्हेंबरात अटलांटिकच्या दोन्ही काठांवरचे हौशी एकमेकांशी बोलले आणि एकसारख्या कॉल साइन दोन देशांत ऐकू येऊ लागल्या. १९२५ साली पॅरिसला हौशींची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेनं देशोदेशींना आद्याक्षरं वाटून दिली. ब्रिटिश साम्राज्यातल्या बऱ्याच देशांच्या वाट्याला ‘व्ही’ आलं. कॅनडाला व्हीई, ऑस्ट्रेलियाला व्हीके, भारताला व्हीटी ते व्हीडब्ल्यू. चिकलठाण्याला उतरणाऱ्या भारतीय विमानांवर जे ‘व्हीटी’ रंगवलेलं असतं, ते याच वाटणीतलं. हौशींना ‘व्हीयू’ मिळालं.

अमेरिकेत कॉल साइनमधला आकडा पूर्वापार प्रदेश सांगत आला. आपल्याकडे व्हीयू४ म्हणजे अंदमान-निकोबार आणि व्हीयू७ म्हणजे लक्षद्वीप, एवढाच भूगोल. बाकी सगळा देश व्हीयू२ आणि व्हीयू३ मध्ये, आणि त्यांतला फरक परवान्याच्या श्रेणीचा, जागेचा नव्हे. म्हणून व्हीयू२ ऐकणाऱ्याला समोरचा नांदेडचा की कोचीचा, हे कळायला वाव नाही.

मराठवाड्याचा रेडिओशी संबंध तसा जुना आहे. स्वातंत्र्याच्या वेळी देशी संस्थानांत जी पाच नभोवाणी केंद्रं होती, त्यांतलं एक निजामाच्या राज्यातलं औरंगाबादचं. हौशींची गोष्ट वेगळी. दुसरं महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश हिंदुस्थानात त्यांचे परवाने बंद झाले. तरीही १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, त्यात हौशी रेडिओतल्या मंडळींचे हात होते. ४२.३४ मीटर तरंगलांबीवरून तो आपला ठावठिकाणा ‘भारतात कुठूनतरी’ एवढाच सांगायचा. नोव्हेंबरात पोलिसांनी तो शोधून काढला. कॉल साइनच्या सगळ्या व्यवस्थेला दिलेलं इतकं सडेतोड उत्तर दुसरं नसेल.

परवानाधारकांना मात्र आपण कोण ते सांगावंच लागतं. बोलणं झालं की क्यूएसएल कार्ड, म्हणजे संपर्काची पोच देणारं कार्ड, पाठवायचं, हा रिवाज रुजला आणि पत्ता शोधण्याची गरज तिथून आली. शंभर देशांशी संपर्क झाल्याचा पुरावा दिला की मिळणारा डीएक्ससीसी सन्मान १९३७ पासूनचा. पुरावा म्हणजे कार्ड. पत्ते मिळायचे अमेरिकेत छापल्या जाणाऱ्या जाडजूड कॉलबुकात. पुढे त्याचे दोन खंड निघत, एक उत्तर अमेरिकेचा आणि दुसरा उरलेल्या जगाचा. छापून हाती येईपर्यंत त्यातले कितीतरी पत्ते बदललेले असत. पोस्टाचा खर्च परवडत नसे, त्यांच्यासाठी ब्यूरोची सोय होती. भारतात १९५४ साली स्थापन झालेली अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया ते काम करते. परदेशातली कार्डं गठ्ठ्यानं येतात आणि इथं कॉल साइनप्रमाणे वेगळी होतात. या वाटेनं येणाऱ्या कार्डावर गाव-गल्ली लिहावीच लागत नाही. अर्थात थांबावं लागतं, आणि तेही महिन्यांच्या हिशेबात.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसर भूकंपानं उद्ध्वस्त झाला. बाहेरून आलेल्या हौशींनी तेव्हा निरोप पोहोचवायला मदत केली. अशा वेळी अक्षरक्रमाचं पुस्तक कुचकामी ठरतं. जवळचं स्टेशन कुठलं, एवढंच हवं असतं आणि नेमकं तेच त्यात नसतं.

त्याच सुमारास अमेरिकेत कॉलबुक संगणकावर सरकत होतं. आधी विद्यापीठांच्या सर्व्हरवर टेलनेटनं, म्हणजे दूरच्या संगणकाशी जोडणाऱ्या जुन्या पद्धतीनं शोध, मग सीडी, मग वेबवरची पानं. त्यांतलं सर्वांत गाजलेलं क्यूआरझेड डॉट कॉम हे फ्रेड लॉइड यांचं. ‘मला कोण हाक मारतंय?’ या अर्थाच्या जुन्या तारसंकेतावरून त्याचं नाव पडलं. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागलं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, तेही मोजक्या महानगरांत; मराठवाड्याला आणखी वाट पाहावी लागली. अमेरिकी परवान्यांची सरकारी यादी सर्वांना खुली असल्यानं तिथल्या नोंदी आपोआप भरल्या. भारतीय नोंदी बहुतेक ज्यानं त्यानं स्वतः भरलेल्या. ज्यानं फक्त नाव टाकलं त्याचं नावच दिसणार. माझ्या मते घरचा पूर्ण पत्ता न टाकणारे शहाणेच म्हणायचे. ब्यूरो आहे, ईमेल आहे, तेवढ्यावर भागतं.

गाव न सांगता जागा सांगायची सोय १९८० मध्ये ठरलेल्या मेडनहेड पद्धतीत आहे. तिनं पृथ्वी चौकोनांत वाटली. चार चिन्हांचा एक चौकोन दोन अंश रेखांश आणि एक अंश अक्षांशाचा, आपल्याकडे साधारण २१० बाय १११ किलोमीटर. छत्रपती संभाजीनगर आणि जालना ‘एमके७९’ मध्ये, परभणी, हिंगोली, नांदेड ‘एमके८९’ मध्ये, लातूर ‘एमके८८’ मध्ये. बीड शहर ‘एमके७८’ च्या अगदी वरच्या कडेला आहे. वेरूळ आणि अजिंठा वीस अंशांच्या उत्तरेला असल्यानं अक्षरच बदलतं, ‘एमएल७०’. किनवट पूर्वेला ‘एमके९९’ मध्ये, तर उमरगा दक्षिणेला ‘एमके८७’ मध्ये जातं. जिल्ह्यांच्या हद्दींशी याचा काही संबंध नाही.

२०१७ साली आलेल्या एफटी८ या डिजिटल पद्धतीनं हा चौकोन रोजच्या वापरात आणला. पंधरा सेकंदांच्या प्रत्येक फेरीत जेमतेम एक ओळ जाते आणि सर्वांना घातलेल्या हाकेच्या ओळीत कॉल साइनला जोडून तो चौकोन असतो. ऐकणारी केंद्रं ती नोंद नेटवरच्या नकाशावर टाकतात. त्यामुळे ‘मराठवाड्यातून आत्ता कुणी प्रसारण करतंय का’ हा प्रश्न निदान नकाशाला तरी विचारता येतो. संपर्काच्या पुराव्याचंही तसंच. २००३ पासून अमेरिकी हौशींच्या संघटनेच्या ‘लॉगबुक ऑफ द वर्ल्ड’ या ऑनलाइन नोंदवहीवर दोन्ही बाजूंच्या नोंदी जुळल्या की संपर्क पक्का धरला जातो. त्यासाठी लागणारं डिजिटल प्रमाणपत्र घेताना भारतीय हौशीला आपल्या परवान्याची प्रत पाठवावी लागते.

२०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावं छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली. हौशींनी स्वतः भरलेली माहिती स्वतःच बदलावी लागते, त्यामुळे तिथला हॅम शोधताना जुनं आणि नवं अशी दोन्ही नावं टाकून पाहिलेली बरी.