मुंबईचं सरपण: वखार, बंब आणि भट्टी

लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा तत्सम स्वच्छ इंधनाकडे वळावं, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये सांगितलं. चर्चा झाली ती पावाच्या किमतीची. भट्टीत लाकूड कसलं जातं, ते किती वाळलेलं असतं, हे फारसं कुणी विचारलं नाही. याच शहरात पूर्वी ते घरोघरी ठाऊक होतं.

रे रोडजवळच्या दारूखाना भागातल्या लकडी बंदराच्या नावातच तिथे उतरणारा माल आहे. ठाणे जिल्ह्यातल्या जंगलांचं जळण खाडीमार्गे होड्यांतून मुंबईत येई आणि वखारींत रचलं जाई. घर उबदार ठेवायला लाकूड जाळण्याची वेळ इथे आली नाही. सांताक्रूझचा नीचांकच 7.4 अंश, तोही 22 जानेवारी 1962 चा. हिवाळ्यात सरपण लागायचं ते अंघोळीचं पाणी तापवणाऱ्या बंबाला.

तांब्याच्या बंबाच्या मधोमध नळा असतो. वरून ढलप्या टाकायच्या, राख खालच्या जाळीतून पडते. एक ओली ढलपी गेली तरी नळा कोंडतो आणि अख्खी चाळ खोकू लागते. गिरगावात आमची आजी म्हणूनच दोन लाकडं एकमेकांवर आपटून बघायची. ठणठणीत आवाज आला तर घ्यायची, बद्द आला तर वखारवाल्याला म्हणायची, "अरे, पाणी विकतोस का?" तिचं अगदी बरोबर होतं. ताज्या तोडीच्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचं असू शकतं. ते वीस टक्क्यांवर आलं की लाकूड जाळण्याजोगं होतं, नाहीतर आचेचा काही भाग ते पाणी उकळण्यातच जातो. वखारीत माल वजनावर मिळायचा, म्हणजे गिऱ्हाईक त्या पाण्याचेही पैसे मोजायचं.

कोरडं झाल्यावर किलोमागे उष्णता सगळ्या लाकडांची जवळजवळ सारखीच. फरक पडतो तो घट्टपणाने. बाभूळ, धावडा, ऐन यांचा निखारा टिकतो. वसई-विरारच्या किनाऱ्यावरचा सुरूही भरपूर आच देतो. आंबा भडकन पेटतो आणि लवकर बसतो. पांगारा, सावर तर पोचटच.

वाळवणीचं वेळापत्रक पावसाने ठरवलेलं होतं. थंडीत तोडायचं, फोडायचं, वारा खेळेल असं रचून उन्हाळाभर ठेवायचं आणि आगोटीच्या आत छपराखाली आणायचं. पावसाळी हवेत वाळलेलं लाकूडही ओल परत धरतं, आणि ती आतच कोंडते म्हणून चहूबाजूंनी ताडपत्री गुंडाळणं घातकच.

1955 च्या सुमारास मुंबईत सिलिंडरचा गॅस आला, पुढे गीझर आले आणि वखारी एकेक करून मिटल्या. त्यांच्याबरोबर लाकडाची पारखही गेली. आज कित्येक भट्ट्यांत जुनं फर्निचर, रंगवलेल्या चौकटी, प्लायवुडचे तुकडे जातात. ते खडखडीत वाळलेले असतात, आजीच्या परीक्षेत उतरलेही असते. पण रंग आणि डिंकाचा विषारी धूर कितीही वाळवलं तरी जात नाही. भट्टीशेजारी राहणाऱ्यांच्या छातीत रोज तोच उतरतो.